बारकीबायची टकटक

खरं सांगायचं तर बारकीबायबद्दल चार चांगले शब्द लिहायची मला मुळीच हौस नाही. पण परवाच्या तालुका कमिटीच्या बैठकीत ठरलं, की यंदाच्या स्मरणिकेत तिच्यावर लेख हवा. लिहायचं म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. एरवी बघत नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, तुमचा आणि बायचा जवळचा संबंध." किती जवळचा ते त्यांना ठाऊक नाही. चार-पाच वर्षं मी त्या बाईवर जळत होतो. एक माणूस दुसऱ्याच्या याहून जवळ जाऊ शकतो असं मला वाटत नाही.

मी आशागडला राहतो. हायस्कुलात मराठी शिकवलं, आणि उरलेला सगळा वेळ लाल बावट्याची पत्रकं लिहिली. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही पाड्यावर कुडाला चिकटवलेलं पत्रक दिसलं, तर खाली नाव कमिटीचं असलं तरी शब्द माझे असायचे. 'शोषित', 'संघटित', 'निर्णायक' हे शब्द या भागात मी रुजवले असं मला वाटतं. वाणगावच्या बाजारात एकदा माझ्याच पत्रकात बांधलेली भजी मला मिळाली होती. मी ती भजी बाजूला ठेवून पत्रक परत वाचलं. चांगलं उतरलं होतं.

सांगायचा मुद्दा असा, की लोक कुणाच्या शब्दावर घराबाहेर पडतात, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत बारकीबायनं मोडली.

नाव बारकी, पण बाई ताडासारखी उंच. गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेलं लुगडं, डाव्या हातात जाडजूड कडं, आणि चालणं असं की मागून येणारा पळतच यायचा. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत तिचा पाडा. भात आणि नाचणी पिकवायची ती जमीन वनखात्याच्या नकाशात जंगल होती आणि पाड्याच्या हिशेबात शेत. आजोबापासून कसत आलेल्या त्या जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून पाड्यानं दावे टाकलेले होते आणि ते डहाणूला प्रांत कचेरीत पडून होते. बारकीबायच्या सगळ्या उलाढाली शेवटी त्या जमिनीपाशी येऊन थांबत. बोलणं कशावरही निघो, हिंडून फिरून ती शेवटी विचारायची, "आनि आमचे पट्ट्यांचा काय?"

विनय नावाची गोष्ट तिच्याकडे औषधालाही नव्हती. सभेत पहिल्या रांगेत बसायची, वक्ता लांबला की मोठ्यानं जांभई द्यायची. जांभई आली की आमचे सेक्रेटरी भाषण आवरतं घेत. मी बोलायला उभा राहिलो की ती पान लावायला घ्यायची. पान लावून व्हायच्या आत मी खाली बसावं अशी तिची अपेक्षा असायची आणि ती तसं सांगायचीही.

तिच्या मुलाला उंबरगावकडे कंपनीत काम लागलं. त्यानं स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. दुसऱ्याच दिवशी बाई तलासरीच्या ऑफिसात हजर.

"मास्तर, माला ग्रुपात घाल."

ग्रुप मीच काढला होता. कागद महाग, छपाई महाग, म्हणून पत्रकांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची कल्पना माझी. कमिटीनं शाबासकीही दिली होती. पत्रक टाकलं की खाली अंगठ्यांची रांग लागायची. साक्षरता वर्ग चालवून मी या भागातले अंगठे सोडवले होते, ते या फोननं परत आणले. तरी अंगठा तर अंगठा, लोकांपर्यंत पोचतंय असं मी धरून चाललो होतो.

"बाय, तुला वाचता येत नाही. ग्रुपमध्ये काय करशील?" मी विचारलं.

"तू घाल तर. काय करायचा ता माझा मी बघीन."

मी घातलं. दार मीच उघडलं म्हणायचं.

तिच्या पाड्यात रेंज नव्हती. पाड्यामागच्या टेकडीवर एक मोहाचं झाड आहे, तिथे मिळायची, तीही पलीकडच्या गुजरातच्या टॉवरची. पहिल्या दिवशी ती टेकडीवर चढली तर फोनवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज. कुणाकडून तरी वाचून घेतला आणि बाई भडकली. "मी माझे मोहाखाली बसलीय, आनि हा माला पावनी म्हनतंय!" हे तिनं फोनवरच बोलून टाकलं. बोट कुठं दाबायचं ते मुलानं शिकवलं होतं. तिचा तो पहिला व्हॉइस. ग्रुपवर त्या दिवशी माझं महागाईवरचं पत्रक होतं, चांगलं सात परिच्छेदांचं. त्याच्याखाली हा व्हॉइस येऊन पडला आणि दुसऱ्या दिवशी तलासरीच्या नाक्यावर, रिक्षात, रेशनच्या रांगेत जो तो तेच बोलून हसत होता. महागाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मला तेव्हाच पोटात दुखायला लागलं.

तिची एक रीत होती. बोलण्याआधी हातातलं कडं फोनच्या पाठीवर आपटायचं. टक, टक, टक. मग थोडं थांबायचं, आणि मग बोलायचं. मी तिला विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "दुसऱ्याचे घरात शिरताना अंगनातून हाक देतंस का नाय? हा तर मानसाचे कानात शिरायचा. आधी सांगाया नको?" माझी पत्रकं बिचारी कुणालाही न विचारता भिंतीवर जाऊन बसत, हे मला तोवर सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा बरं वाटलं नाही.

तिचा आवाज गोड नव्हता. घोगरा होता, आणि मध्ये कोंबडा ओरडायचा, वारा घुमायचा, ती पान थुंकायची तेही ऐकू यायचं. पण तिचं बोलणं तिच्या बोलीत असायचं. आमच्या पक्षात तोवर लोकांनी आपल्या बोलीत फक्त घोषणा दिल्या होत्या. विचार मराठीतून व्हायचा, शुद्ध मराठीतून, म्हणजे माझ्यातून. हे समीकरण एका जुन्या, काच तडकलेल्या फोननं बदललं.

माझ्या घरातही ती शिरली. माझी बायको सुनंदा अंगणवाडी सेविका. तिला ग्रुपमध्ये मीच घेतलं होतं, माझी पत्रकं घरबसल्या वाचता यावीत म्हणून. संध्याकाळी ती बोंबील साफ करायला बसायची आणि फोन शेजारी पाटावर. टक, टक, टक. मग बारकीबाय.

"अहो, ऐका ना, काय बोलली बघा! बीडीओला म्हणते, तुझे नळाला पाणी येईल तेव्हा माझा नातू म्हातारा होईल."

"याच विषयावर मी काल दोन पानं लिहिलीत."

"हो का? वाचते हं उद्या."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या घरात कुणीतरी परकं राहायला आलंय, आणि सगळ्यांना ते माझ्यापेक्षा जास्त आवडतंय. मी बोंबील खाल्ले नाहीत. सुनंदाला वाटलं तिखट झालेत.

त्याच सुमारास फुकट नेटचं सिम आलं. आशागडच्या नाक्यावर लोक आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन रांगेत उभे. त्या वर्षीच्या अभ्यासवर्गात 'वरकड मूल्य' हा विषय माझ्याकडे होता. दरवर्षी असतो. मी फळ्यावर सुताराचं आणि खुर्चीचं उदाहरण काढलं. मागून आवाज आला, "मास्तर, ही खुर्ची दर साल काढतंस. एकदा बसू तर दे तिच्यावर." वर्ग हसला. मग तीच म्हणाली, "हा सांग, हे नेट फुकट कशाला देतात?"

मी म्हणालो, बाजारपेठ काबीज करण्यासाठी भांडवल सुरुवातीला नफा सोडतं, वगैरे.

बारकीबाय उभी राहिली. हातवारे करत म्हणाली, "माझे आजाचे लग्नाला सावकारानं लुगडा दिला, दाना दिला. फुकट. मग आजा त्याचे घरी लग्नगडी होऊन राबला मरेपावत. आजी बी राबली. पहिला देतात, मग मानूस ठेवून घेतात. हा नेट म्हंजे ता लुगडा हाय."

लग्नगडी म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी भोगलेलं होतं. मी खडू खाली ठेवला. मग एका पोरीनं विचारलं, "मग बाय, आपण ते सिम घ्यायचं नाय?"

"घ्यायचा तर! सावकाराचे विहिरीचा पानी पिऊनच त्याचेसंगं लढलो ना? पानी प्यायचा, पन विहीर कोनाची ता इसरायचा नाय."

मी लिहिलेली अभ्यासवर्गाची टिपणं अजून माझ्या कपाटात आहेत, वीसच्या वीस प्रती. जिल्ह्याचे पुढारी पुढच्या महिन्यात पालघरला बोलताना विहिरीचं उदाहरण देऊन गेले. तिचं नाव घेतलं नाही. त्याचं मला जरा बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचा राग आला.

आता 'उद्या'ची गोष्ट. ही सगळे सांगतात, पण चुकीची सांगतात.

पडून असलेल्या दाव्यांसाठी प्रांत कचेरीवर मोर्चा ठरला. मी पत्रक केलं, वार, तारीख, वेळ, जमण्याचं ठिकाण सगळं ठळक. बारकीबायनं आदल्या संध्याकाळी मोहाखाली बसून व्हॉइस टाकला. टक, टक, टक. "उद्या सकाली सगल्यांनी डहाणूला यायचा. भाकरी बांधून घ्या. जो नाय येल त्याचे शेताला मी येऊन बघीन."

मोर्चा झाला. अपेक्षेपेक्षा कमी माणसं आली. भाषणं झाली, निवेदन दिलं, साहेबांनी ते घेतलं आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींना कचेरीतून फोन, "तुमचे लोक अजून येतायत." आम्ही गेलो तर आवारात चिंचेखाली शंभरेक माणसं भाकऱ्या सोडून बसलेली. त्यांना व्हॉइस मोर्चाच्या दिवशी संध्याकाळी मिळाला होता. तेव्हाच ते आपापल्या टेकडीवर रेंजला चढले होते. बाय म्हणते उद्या, म्हणून ते उद्या आले. त्यांनी तोच व्हॉइस पुढच्या पाड्यांना पाठवला. तिसऱ्या दिवशी गंजाडकडचे लोक आले. चौथ्या दिवशी आणखी आतले. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आवाजाला तारीख नसते.

मी मनातून फार खूश होतो. गेली कित्येक वर्षं मी सांगत होतो, की लिहिलेल्या शब्दाला पर्याय नाही. टेकडीवर जाऊन मी बारकीबायला तिची चूक नीट समजावून सांगितली. ती पान चघळत ऐकत होती.

"मी बोलली तेव्हा उद्याच होता ना?"

"होता. पण..."

"त्यांनी ऐकला तेव्हा बी उद्याच होता. मग चूक कोनाची?"

आणि झालं काय, तर आठवडाभर रोज नवी माणसं येऊन शांतपणे चिंचेखाली बसताहेत आणि आंदोलन संपलं कधी हे पक्षालाच ठाऊक नाही, हे बघून साहेब घाबरले. त्यांनी लेखी दिलं की दाव्यांच्या जागांची पाहणी करू. फाइल आधीच हलायला लागली होती, असं माझं अजूनही मत आहे. पण कमिटीच्या अहवालात त्या आठवड्याचं वर्णन करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'नियोजनबद्ध साखळी आंदोलन'. हे तीन शब्द लिहिताना माझे दात दुखले.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सोय आली, की ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी कमिटीत ठराव मांडला. पक्षाची भूमिका एका तोंडातून जावी, शिस्त हवी, कोंबडे नकोत. ठराव चांगला होता आणि आजही त्यातलं एक अक्षर मी बदलणार नाही. तो पास झाला. ग्रुपवर शांतता पसरली. माझी पत्रकं एकाखाली एक पडू लागली, मध्ये कुणी नाही. महिन्याभरात कळलं की सगळे दुसरीकडे बसतात. बारकीबायच्या मुलानं आईला नवा ग्रुप काढून दिला होता. नाव वाचता येत नाही म्हणून नाव नाहीच, नुसता मोहाच्या झाडाचा फोटो. लोक त्याला मोहाचा ग्रुप म्हणत. सेक्रेटरीही त्यात होते. सुनंदाही होती. मला कुणी घेतलं नव्हतं, आणि घ्या म्हणून मी सांगणार नव्हतो. सुनंदाचा फोन स्वयंपाकघरात वाजला की मी बाहेरच्या खोलीत पेपर खाली करून ऐकत बसायचो.

मग एक खोटा मेसेज आला. कुणी सोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पक्षाच्या नावानं, अगदी माझ्यासारख्या मराठीत, की जागांची पाहणी रद्द झाली आहे, दावेदारांनी शेतावर थांबू नये. नशिबानं त्या दिवशी पाहणी नव्हतीच. पण बारकीबाय संतापली. मोहाखालून तिनं सगळ्या पाड्यांना बजावलं, "माझी टकटक ऐकली आनि माझा आवाज ऐकला, तरच खरा. लिवलेला आला तर थुंका त्याचेवर. दुसरा कोन बोलला तर त्याला विचारा, तू कोन?"

लिहिलेल्यावर थुंका!

त्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला. लोकांना वाटलं सर्दी. व्हॉइस येत राहिले, पण रोज जरा जास्त खरवडलेले. मग मुलगा तिला वलसाडला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक आणि त्यात नळी, तिच्यावर पांढरं फडकं बांधलेलं. मी चिकू घेऊन भेटायला गेलो. ती कुडाला टेकून बसली होती. फोन मांडीवर होता, बंद. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिचं नसलेलं बोलणं त्या झोपडीत मावत नव्हतं. पण मोटरसायकलवरून परत येताना, तलासरीच्या चढावर, एक विचार माझ्या मनात आला, आणि जळणाऱ्या माणसाच्या मनात तो येणारच. आता लोक कुणाचं ऐकतील?

उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. उन्हाळा सुरू झाला होता. एका दुपारी सेक्रेटरींना कचेरीतून फोन आला, की तिच्या पाड्याची आणि आसपासच्या पाड्यांची पाहणी उद्या सकाळी. दावेदार आपापल्या जागेवर हजर पाहिजे. नसेल, तर कसत नाही असं धरून दावा निकाली. अर्धे लोक कामाला गेलेले, कुणी वीटभट्टीवर, कुणी चिकूच्या वाडीत, कुणी डहाणूला बांधकामावर. मी लगेच मेसेज लिहिला, वार, तारीख, वेळ, गट नंबर, सगळं घालून पक्षाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरानं बघितलं तर चार जणांनी उघडला होता. त्यातली एक सुनंदा. ती बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, इथं टाकून काय उपयोग? बायकडे जा."

"ती काय करणार? तिला बोलता येत नाही."

"तुम्हाला येतं ना? तिच्या फोनवरून बोला."

ऊन उतरायच्या सुमाराला मी पाड्यावर पोचलो. सांगितलं. ती उठली, फडकं घट्ट केलं आणि टेकडी चढायला लागली. आजारी बाई, पण तिच्या मागून मी पळतच होतो. मोहाखाली बसल्यावर तिनं फोन काढला, बटण दाबून धरलं, कडं आपटलं, टक, टक, टक, आणि बटण न सोडता फोन माझ्या तोंडासमोर धरला. बोल.

या क्षणाची मी किती वर्षं वाट बघत होतो ते मलाच ठाऊक. मी घसा साफ केला. "सर्व दावेदार बंधू-भगिनींनी कृपया नोंद घ्यावी. उद्या, बुधवार रोजी सकाळी नऊ वाजता आपापल्या दाव्याच्या जागेची स्थळपाहणी होणार असून, सर्वांनी जागेवर उपस्थित राहावं." मुद्दाम वार सांगितला. आवाज छान लागला होता.

गेला. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळानं व्हॉइस यायला लागले. बाय आजारी एवढंच लांबच्या पाड्यांना ठाऊक होतं, आवाज गेल्याचं नाही.

"हा कोन?"

"बाय कुठंय? बायला दे."

"ए, तू कोन? बायचा फोन चोरलास काय?"

एका म्हाताऱ्याचा व्हॉइस आला, सगळ्यांना उद्देशून, "बायनं सांगलाय ना, दुसरा बोलला तर ऐकायचा नाय. कोनी जाऊ नका."

तिनंच घातलेलं कुलूप, आणि किल्ली तिच्या गळ्यातून काढून वलसाडला टाकून दिलेली. मी परत बोललो, मी मास्तर, मी पत्रकं लिहितो, मला ओळखत नाही का? त्यावर फक्त एक व्हॉइस आला. "कोनता मास्तर?"

बारकीबायनं माझ्या हातातून फोन घेतला. डोळ्यांत पाणी होतं की वाऱ्यानं आलं होतं ते मला सांगता येणार नाही. सूर्य पलीकडे उतरत होता आणि तिची जमीन समोर खाली पसरलेली होती, भाताच्या कोरड्या खाचरांची. आजोबापासूनची ती जमीन उद्या सकाळी कुणी जागेवर नाही म्हणून जाणार होती. तिनं बटण दाबलं. कडं आपटलं. टक, टक, टक. आणि मग गळ्यावरचं फडकं बाजूला करून फोन त्या नळीपाशी धरला. आत-बाहेर, आत-बाहेर, नळीतून जाणारा नुसता श्वास. शिट्टीसारखा, खरखरणारा. चांगला मिनिटभर धरला. मग पुन्हा टक, टक, टक, आणि सोडला.

त्याच्यावर कुणीच काही बोललं नाही. एकही व्हॉइस आला नाही. अंधारायला लागलं तसा मी घरी निघालो. दार उघडलं तर सुनंदा भाकऱ्या बांधत होती. तिचा फोन पाटावर होता. "बायचा आला," ती म्हणाली. "सकाळी लवकर निघू." तिचा तिथे काही दावा नव्हता.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मोजणीवाले यायचे होते. टेकडीवरून खाली बघितलं तर प्रत्येक खाचरावर माणूस उभं होतं. वीटभट्टीवरचे, वाडीतले, बांधकामावरचे, म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कुणी छत्री धरून, कुणी बांधावर पाय सोडून. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. मोजणीवाले आले, नावं पुकारत गेले, आणि प्रत्येक नावाला हात वर होत गेला. दुपारपर्यंत काम चाललं. पट्टे पुढच्या वर्षी हातात पडले, पण ठरलं ते त्या सकाळी. साहेबांनी जाता जाता सेक्रेटरींना विचारलं, "एका रात्रीत निरोप कसा पोचवलात?" सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेकडीकडे बोट दाखवलं. दुसरं काय करणार?

ती मोहाखाली एकटीच बसली होती. मी वर गेलो. तिनं मला जवळ बसायची खूण केली आणि फोनमध्ये काहीतरी शोधायला लागली. मग फोन कानाशी नेला, आणि मला कळलं की ती माझा कालचा व्हॉइस ऐकतेय. 'सर्व दावेदार बंधू-भगिनींनी कृपया नोंद घ्यावी.' पुरा ऐकला. इतक्या वर्षांत माझं काहीही तिनं शेवटपर्यंत ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. पान न लावता, जांभई न देता. 'उपस्थित राहावं' आलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतेय. मग तिनं तोंडावर हात घेतला, डोळे मिटले, आणि ती हसत सुटली. सगळं अंग गदगदत होतं, कडं गुडघ्यावर आपटत होतं, आणि आवाज मात्र नाही, नळीतून थोडा वारा तेवढा. तिनं पुन्हा लावला, पुन्हा ऐकला, पुन्हा हसली. माझ्या पाठीवर एक थाप मारली, चांगली जोरात. मग मीही हसलो. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. पावसाळा संपता संपता ती गेली.

तिचा आवाज सगळ्यांकडे आहे. नाक्यावरच्या रिक्षावाल्याकडे आहे, सुनंदाकडे आहे, पाड्यापाड्यांतून अजून फिरतो, आणि 'उद्या सकाली' ऐकून मधूनच कुणीतरी भाकरी बांधून डहाणूला येतो म्हणतात. पण ते हसणं कुणाच्याही फोनमध्ये नाही. त्याला आवाजच नव्हता, ते रेकॉर्ड होणार कसं? ते एकट्या माझ्याकडे आहे. स्मरणिकेसाठी लेख देताना साहेबांच्या प्रश्नापर्यंतचा मजकूर मी कमिटीला देईन. टेकडीवर मी गेलो तिथून पुढचं पान मी घरी ठेवणार आहे.